जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: पेनड्राइव्हपासून पहिल्या आठवड्यापर्यंत

टास्क मॅनेजर उघडावा तर डिस्कच्या रकान्यात 100 टक्के, मेमरी 90च्या पुढे, आणि आपण तर अजून काहीच उघडलेलं नाही. जुन्या किंवा मुळातच कमी ताकदीच्या लॅपटॉपवर विंडोज वापरणाऱ्यांना हे दृश्य तोंडपाठ असतं. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी, किमान 4 जीबी रॅम हवी, 64 जीबी जागा हवी. म्हणजे मशीन धडधाकट आहे, पण पुढची वाट बंद.

अशा मशीनवर विंडोजऐवजी हलकं लिनक्स, म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकणं हा चांगला उपाय आहे. मी असे आठ-दहा लॅपटॉप तरी बदलून दिले असतील. काही अजून रोज वापरात आहेत, दोन मात्र आठवड्याभरात परत विंडोजवर गेले. त्या दोन्ही वेळा घोळ एकच होता: घाई. पेनड्राइव्हवरून नीट चालवून न बघताच मी डिस्क पुसली होती. म्हणून खाली चालवून बघण्याच्या टप्प्यावर सगळ्यात जास्त लिहिलंय. तोच भाग वगळून पुढे जावंसं वाटेल, पण जाऊ नका.

आधी मशीन ओळखा

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट. तिथे दोन गोष्टी बघा: रॅम किती आणि प्रोसेसर 64-बिट आहे की नाही. मग टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर जाऊन डिस्क एचडीडी (जुनी, फिरती) आहे की एसएसडी (न फिरणारी, वेगवान), ते बघा. तिन्ही गोष्टी कागदावर लिहून ठेवा, पुढचे सगळे निर्णय यांवर ठरतात.

डिस्क फिरती, म्हणजे एचडीडी असेल, तर थोडं थांबा. लॅपटॉपमधली अशी डिस्क बहुधा मिनिटाला 5400 फेऱ्यांची असते, आणि मशीन 'रडत' चालण्याचं पहिलं कारण अनेकदा तीच असते, प्रोसेसर नव्हे. खालचं झाकण उघडून 2.5 इंची साटा एसएसडी बसवता येत असेल तर आधी ते करा. ही डिस्क बदलल्यावर मशीन जेवढं बदलतं, तेवढं कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमने बदलत नाही. हे लिनक्सवरच्या लेखात लिहायला थोडं विचित्र वाटतं, पण खरं आहे. रॅमचा स्लॉट मोकळा असेल तर रॅमही वाढवा.

काही स्वस्त लॅपटॉपांत मात्र रॅम आणि साठवण दोन्ही बोर्डावरच डकवलेलं असतं. 2 किंवा 4 जीबी रॅम आणि 32 जीबीची ईएमएमसी प्रकारची साठवण. त्यात काही बदलता येत नाही. विंडोजच्या अपडेटलाही तिथे जागा पुरत नाही. अशा मशीनला लिनक्सचा फायदा सगळ्यात जास्त होतो.

प्रोसेसर 32-बिट निघाला तर मन घट्ट करा. क्रोमने 32-बिट लिनक्सची साथ 2016 मध्येच सोडली, फायरफॉक्सने 144 या आवृत्तीनंतर सोडली, डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने 13व्या आवृत्तीपासून 32-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. अँटीएक्स 23 सारखं एखादं हलकं लिनक्स अजून चालतं, पण असं मशीन टाइप करायला, गाणी ऐकायला, जुनी कागदपत्रं बघायला ठेवा. त्यावर बँकेचे व्यवहार करू नका.

'हलकं' म्हणजे नेमकं कुठे हलकं?

लिनक्स म्हणजे खरं तर कर्नल, लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये सुरू केलेला. हा गाभा साधारण सगळीकडे तोच. वजनात फरक पडतो तो त्यावरच्या डेस्कटॉपने, म्हणजे खिडक्या, पॅनल, मेनू, फाइल मॅनेजर यांच्या संचाने. गनोम आणि केडीई हे मोठे डेस्कटॉप. एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे हलके. आइसडब्ल्यूएमसारखा नुसता विंडो मॅनेजर तर अगदीच सडपातळ.

गाभा, डेस्कटॉप आणि निवडक प्रोग्रॅम एकत्र बांधून जे देतात त्याला डिस्ट्रो म्हणतात. डिस्ट्रो शेकडो आहेत आणि कोणतं चांगलं यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. नवख्याने त्यात पडू नये. माझी निवड सरळ आहे.

रॅम 4 जीबी किंवा जास्त असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. विंडोजवरून येणाऱ्याला तिचा मेनू आणि टास्कबार ओळखीचा वाटतो. मिंटच्या 22च्या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. 2 ते 4 जीबीच्या मधलं मशीन असेल तर लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स एक्सएफसीई. 2 जीबी किंवा त्याहून कमी असेल तर अँटीएक्स. ते दिसायला रूक्ष आहे, मेनूही थोडा गोंधळात पाडतो, पण सुरू झाल्यावर दोन-तीनशे एमबीच्या आसपास रॅममध्ये भागवतं. एक्सएफसीईला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागते.

आता खरी गोम. डेस्कटॉप 300 एमबीचा असो की 700चा, ब्राउझर उघडून पाच-सात टॅब लावले की तेच दीड-दोन जीबी खातात. वेबपानं सगळ्या सिस्टिमवर सारखीच जड असतात. म्हणून 2 जीबीच्या मशीनवर 'लिनक्स टाकलं की वीस टॅब उघडेन' ही आशा धरू नका. तीन-चार टॅब सुखाने चालतील, एवढं म्हणता येतं.

विंडोजमधून निघण्यापूर्वी

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि ब्राउझरमधले बुकमार्क, पासवर्ड. बॅकअपमधल्या दोन-चार फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय तो झाला असं समजू नका.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचा विचार असेल तर आणखी दोन कामं. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावायची सोय) चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवा. बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या, सेटिंगमध्ये हात घातला की विंडोज हमखास तीच मागतं. दुसरं, कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपलेलं राहतं, आणि लिनक्सला डिस्कच्या त्या भागावर (पार्टिशनवर) लिहू देत नाही.

पेनड्राइव्ह तयार करणं

8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. डिस्ट्रोच्या स्वतःच्या अधिकृत साइटवरूनच आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम एकाच फाइलीत, उतरवा. मिंटची साधारण 3 जीबीच्या घरात असते.

फाइल पूर्ण आणि अस्सल उतरली का हे तपासायला साइटवर एसएचए-256 नावाची लांबलचक अक्षर-आकड्यांची ओळ दिलेली असते. विंडोजमध्ये सेव्हन-झिप असेल तर आयएसओवर राइट क्लिक करून सीआरसी एसएचएच्या मेनूतून तीच ओळ काढता येते. दोन्ही ओळी जुळल्या पाहिजेत. हे कंटाळवाणं वाटतं, पण अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉल मधेच थांबलं की दोष कुठे आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

आता ती पेनड्राइव्हवर 'लिहायची' आहे. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही! पहिल्यांदा मी तेच केलं होतं आणि लॅपटॉप पेनड्राइव्हकडे ढुंकूनही बघत नाही म्हणून तासभर चिडचिड केली होती. विंडोजवर रूफस हा प्रोग्रॅम वापरा. पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, पार्टिशन स्कीममध्ये युईएफआय (नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या) मशीनसाठी जीपीटी आणि जुन्या बायोसच्या मशीनसाठी एमबीआर, मग स्टार्ट. मधे ते आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारेल. आधी आयएसओ मोड घ्या. बूट झालं नाही तरच पुन्हा डीडी मोडमध्ये लिहा.

दोन-तीन डिस्ट्रो चाखून बघायच्या असतील तर व्हेंटॉय सोयीचं. ते एकदा पेनड्राइव्हवर टाकलं की मग मात्र आयएसओ फाइल खरोखरच नुसत्या कॉपी करायच्या, आणि बूट होताना यादीतून हवी ती निवडायची.

पेनड्राइव्हवरून बूट

लॅपटॉप पूर्ण बंद करा, पेनड्राइव्ह लावा, चालू करताच बूट मेनूची कळ भराभर दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ12, एचपीवर एफ9, आसुसवर एस्केप. एसरवर एफ12 आहे, पण बऱ्याच मॉडेलांत ती बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन आधी चालू करावी लागते. यादीत पेनड्राइव्ह दिसला की निवडा.

सिक्युअर बूटमुळे, म्हणजे ओळखीच्या सिस्टिमच सुरू होऊ देणाऱ्या सोयीमुळे, अडलं तर लगेच ते बंद करू नका. मिंट, लुबुंटू, डेबियन यांना ते चालू असतानाही बूट होता येतं. अँटीएक्स वापरायचं असेल तर मात्र बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करून ठेवा.

लाइव्ह: इथे दोन दिवस द्या

पडद्यावर डेस्कटॉप येईल. हे लाइव्ह सेशन. सगळं पेनड्राइव्ह आणि रॅममधून चालू आहे, तुमच्या डिस्कला अजून हातही लागलेला नाही. 'इन्स्टॉल' लिहिलेलं आयकॉन समोरच दिसेल, त्याकडे सध्या दुर्लक्ष करा.

लाइव्ह थोडं संथ चालतं, कारण पेनड्राइव्हच संथ असतो. त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. इथे बघायचंय ते एवढंच की मशीनचा प्रत्येक अवयव हलतो की नाही.

सुरुवात वायफायपासून. नेटवर्कच्या आयकॉनमध्ये तुमचं वायफाय दिसतंय का? ब्रॉडकॉमच्या आणि काही रिअलटेकच्या चिपा इथे रुसतात, कारण त्यांना वेगळं फर्मवेअर किंवा ड्रायव्हर लागतो. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडा आणि त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते तारेचं नेट वाटतं आणि बहुधा क्षणात चालू होतं. मग मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून बघा, ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर तिथे दिसेल. एवढं करूनही चालेना तर छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर हा शेवटचा उपाय आहे, पण हे आज कळलेलं बरं, डिस्क पुसल्यावर नको.

मग आवाज. स्पीकरचा वेगळा, हेडफोनचा वेगळा तपासा. माइकवर काहीतरी बोलून रेकॉर्ड करा. कॅमेरा उघडा. ब्राइटनेसच्या कळा दाबून उजेड खरोखर कमी-जास्त होतो का बघा. नुसती पट्टी हलून उजेड तसाच राहण्याचा प्रकार मी पाहिलाय. टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल करा, टॅप करा. ब्लूटूथ वापरत असाल तर जोडून बघा. प्रिंटर असेल तर एक पान छापा. एचपीचे बरेच प्रिंटर नुसते जोडले की ओळखले जातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: झाकण बंद करा. दहा मिनिटांनी उघडा. पडदा परत येतो का? उघडल्यावर वायफाय आपोआप जोडलं जातं का? मी परत विंडोजवर नेलेल्या दोन लॅपटॉपांतला एक याच एका गोष्टीवर अडला होता. झाकण उघडलं की काळा पडदा, पंखा चालू, आणि पॉवरचं बटण दाबून धरण्याशिवाय इलाज नाही. नंतर बघितलं तर दुसऱ्या डिस्ट्रोच्या नव्या कर्नलवर तेच मशीन नीट उठत होतं. लाइव्हमध्ये तपासलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं.

शेवटी तुमचं रोजचं काम करून बघा. ज्या साइट लागतात त्या उघडा. तुमच्या दोन वर्ड फाइल आणि एक एक्सेल लिबरऑफिसमध्ये (लिनक्सवरच्या ऑफिसमध्ये) उघडा. मांडणी थोडी सरकलेली दिसेल, त्याचं कारण बहुतेकदा फॉन्ट असतो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कँब्रियाच्या जागी कॅलाडिया हे तंतोतंत त्याच मापाचे मोफत फॉन्ट आहेत, ते असले की ओळी बऱ्याच जागेवर येतात. मॅक्रोंनी भरलेली एक्सेल किंवा फोटोशॉप यावर पोट असेल तर विंडोज पूर्ण सोडू नका. लिनक्सवर ते ओढूनताणून चालवण्यात हशील नाही.

इन्स्टॉल

दोन दिवस बरे गेले? मग पुढे. लॅपटॉप चार्जरला लावा. आणि बॅकअपची डिस्क काढून कपाटात ठेवा. मी एकदा ती लावलेलीच ठेवली होती. इन्स्टॉलरने दोन डिस्क दाखवल्या, दोन्ही 500 जीबीच्या, आणि मी नाव न वाचता वरची निवडली. बॅकअपच पुसला गेला. मूळ डिस्क शाबूत होती म्हणून निभावलं.

मिंटचा इन्स्टॉलर भाषा, कीबोर्ड विचारेल, मल्टिमीडिया कोडेक, म्हणजे गाणी-व्हिडिओ चालवणारे भाग, टाकायचे का विचारेल (हो म्हणा), आणि मग खरा प्रश्न येईल. 'अलाँगसाइड' म्हणजे विंडोजच्या शेजारी. 'इरेज डिस्क' म्हणजे सगळं पुसून. 'समथिंग एल्स' म्हणजे पार्टिशन स्वतः आखा.

32 किंवा 64 जीबीच्या मशीनवर दोन सिस्टिम कोंबू नका, दोघींचाही श्वास कोंडतो. तिथे पुसूनच टाका. 250 जीबीच्या वर असेल तर पहिले काही महिने शेजारी ठेवायला हरकत नाही, फक्त लिनक्सला 40-50 जीबी तरी द्या. समथिंग एल्सच्या वाटेला पहिल्या खेपेस जाऊ नका.

सिक्युअर बूट चालू असेल आणि कोडेक निवडले असतील तर मधेच एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो लिहून ठेवा. पहिल्या रिस्टार्टला 'एमओके मॅनेजमेंट' असा निळा पडदा येतो. बघून धडकी भरते, पण व्हायरस वगैरे काही नाही. 'एन्रोल एमओके' निवडायचं, पुढे जायचं, तोच पासवर्ड द्यायचा. बाकी इन्स्टॉल पंधरा मिनिटं ते अर्धा तास, आपल्याआपण.

पहिला आठवडा

सर्वात आधी घड्याळ बघा. जुन्या लॅपटॉपची बोर्डावरची छोटी नाण्यासारखी बॅटरी संपलेली असते आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. मग ब्राउझर प्रत्येक साइटला 'सुरक्षित नाही' म्हणतो, अपडेटही अडतात, आणि माणूस वायफायला शिव्या देतो. तारीख हाताने नीट केली की सगळं सुरळीत. पुढे ती बॅटरी बदलून घ्या.

मग अपडेट मॅनेजर उघडून सगळं अपडेट करा, आणि टाइमशिफ्ट सुरू करा. काही बिघडलं तर त्याने सिस्टिम कालच्या अवस्थेत परत नेता येते. तुमच्या फाइलींचा बॅकअप ते घेत नाही, तो वेगळाच ठेवायचा. 32 जीबीच्या मशीनवर मात्र टाइमशिफ्टने जागा भरून जाते, तिथे एकच स्नॅपशॉट (सिस्टिमची साठवलेली प्रत) ठेवा.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या टॅबवर जा, 'इंडियन'च्या यादीत मराठी कगप फोनेटिक सापडेल. के दाबला की क येतो, जोडाक्षरासाठी मधे एफ. इन्स्क्रिप्टची सवय असेल तर तोही तिथेच आहे. 'गमभन'सारखं हवं असेल तर आयबस आणि एम17एन ही टायपिंगची साधनं टाका, त्याच्या मराठी पद्धतींत गमभनही आहे.

वेगासाठी तीन गोष्टी पुरतात. पहिली, फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन. जाहिराती कापल्या की पानं हलकी होतात, हा जुन्या मशीनवर सगळ्यात स्वस्त उपाय. दुसरी, झेडरॅम. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये झेडरॅम-टूल्स शोधून टाका. रॅम भरायला लागली की ते डिस्ककडे धावण्याऐवजी रॅममध्येच माल दाबून बसवतं. 2-4 जीबीच्या मशीनवर फरक जाणवतो. तिसरी गोष्ट व्हिडिओची. यूट्यूब हल्ली व्हीपी9 किंवा एव्ही1 प्रकारात चित्र पाठवतं. इंटेलच्या प्रोसेसरांत व्हीपी9 पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडायची सोय सातव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या मशीनवर ते काम प्रोसेसरच्या मानेवर पडतं, पंखा ओरडतो आणि चित्र अडखळतं. एच264-इफाय नावाचं एक्स्टेन्शन यूट्यूबकडून जुन्या एच264 प्रकारातलं चित्र मागवतं, जे जुन्या ग्राफिक्सलाही पेलतं. 720पीवर समाधान मानलं तर दहा-बारा वर्षांचं मशीनही सिनेमा दाखवतं.

इंटरनेटवर 'लिनक्स वेगवान करायच्या पन्नास युक्त्या' सापडतील. अर्थ न कळता टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) कुठलीही ओळ चिकटवू नका, विशेषतः सगळे अधिकार देणाऱ्या 'सुडो'ने सुरू होणारी. प्रोग्रॅमसुद्धा साइटवरून उतरवायची विंडोजची सवय सोडा, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या.

इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह पुसून टाकू नका. त्यावर डिस्ट्रोचं नाव लिहून ठेवा. कधी अपडेटनंतर लॅपटॉप उठलाच नाही तर याच पेनड्राइव्हवरून लाइव्ह सुरू करायचं, फाइल मॅनेजरमध्ये आतली डिस्क उघडायची, आणि 'होम' या तुमच्या फाइलींच्या फोल्डरमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. मग पुन्हा इन्स्टॉल, तासाभराचं काम.